घराचं तोंड पाण्याकडे

बायू सालीन, लुइझियाना
१६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ॲटली,

पोचलो. माणसं सगळी धड आहेत. फक्त आंबवलेल्या कोबीची एक बरणी टेनेसीत फुटली आणि तिथून पुढे सगळी व्हॅन आंबट वासात आली. ड्रायव्हर बिचारा खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होता.

आणि ॲटली, मी पाणी पाहिलं. आपल्या तळ्यासारखं नव्हे. उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी, आणि मधून एक चिंचोळा रस्ता, टाकायचा म्हणून टाकल्यासारखा. पलीकडचा काठ दिसेना. मी म्हटलं, हा समुद्र. ड्रायव्हर म्हणाला, बाई, ही नुसती खाडी आहे, समुद्र अजून पुढे आहे. असेना. जन्मभर ओहायोच्या गाई-वासरांत राहिलेल्या बाईला काठ न दिसणारं पाणी म्हणजे समुद्रच.

इथली घरं उंच खांबांवर असतात, आपल्या गवताच्या माळ्याहूनही उंच. वादळातून ज्यांची उरली त्यांची. बाकीच्यांचे नुसते खांब उभे आहेत. आमची झोपायची सोय कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये केलीय आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. वीस माणसांचं रांधायचं म्हणून मी घाबरले होते, पण आपल्याकडे लग्नाला तीनशे माणसं असतात हे आठवलं आणि भीती पळाली.

जो तो विचारतो, आपला मुख्य सुतार कुठे आहे? मी सांगते, गवताच्या माळ्यावरून खाली यायचा जवळचा रस्ता शोधत होता, तो सापडला, आणि आता पाय प्लास्टरात घालून घरी बसलाय. तू हिवाळाभर शेडमध्ये जोडलेल्या भिंती ट्रकने आमच्या आधीच येऊन पडल्यात. ह्या कामाचा प्रमुख लेस्टर बीची म्हणून मेनोनाइट पंथाचा माणूस आहे, आपल्याच जवळचा, फक्त त्यांना आपल्यासारखी मोटार आणि फोन वर्ज्य नाहीत. त्याने सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाला, ह्या माणसाचा पाय मोडला ते नुकसान आमचं झालं. हे तुला लिहू की नको असा विचार केला, गर्व होईल म्हणून. पण लिहिलं.

जिचं घर बांधायचंय तिचं नाव अझेली पार्फे. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, जीभ माझ्या दुप्पट. नवरा कोळंबीची होडी चालवायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. दीड वर्षापूर्वीच्या वादळात तिचं घर छपरासकट गेलं. तेव्हापासून ती सरकारने दिलेल्या पत्र्याच्या डब्यासारख्या घरात अंगणाच्या टोकाला राहते. तिचा मुलगा रोलॉन ह्यूस्टनला असतो. त्याने बजावलंय, ईस्टरपर्यंत तू नव्या घरात राहायला गेलीस तर ठीक, नाहीतर मी ट्रक घेऊन येतो आणि सामानासकट तुला घेऊन जातो. आई एकटी डब्यात राहते म्हणून त्याला झोप लागत नाही म्हणे. म्हातारी मला म्हणाली, "पोरी, मी ह्यूस्टनच्या खिडकीतून बघू काय? गाड्या?"

तेव्हा ईस्टर चुकवून चालणार नाही. मी सगळ्यांना पहाटे चारला उठवते. शिव्या खाते, पण उठवते.

तुझी,
सलोमा

ता. क. कोळंबी कधी सोललीयस? तिला डोळे असतात.


माउंट होप, ओहायो
२१ फेब्रुवारी

प्रिय सलोमा,

पत्र आलं. पाय तसाच आहे. ड्रुसिला रोज दोन वेळा डबा घेऊन येते आणि दर वेळी सांगते, बाबा, आई घरी असती तर तुम्ही असे वागला नसता. तुझ्या लेकीने तुझा आवाज घेतलाय हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी दिवसभर पुढच्या खिडकीशी बसतो. काल दुपारपर्यंत गल्लीतून अकरा बग्ग्या गेल्या. मी मोजत नव्हतो, पण गेल्या.

आता कामाचं. लेस्टरला नीट सांग. ज्या भिंतीवर लाल खडूची खूण आहे ती दर्शनी, ती रस्त्याच्या बाजूला. त्याच बाजूला पोर्च येतो. दोन मोठ्या खिडक्या, रुंद दार, म्हातारीला खुर्ची टाकून येणारा-जाणारा बघत बसता येईल. निळ्या खुणेची मागची. ती मी जवळजवळ बंद ठेवलीय, न्हाणीघराला एक छोटी खिडकी तेवढी आहे. उत्तरेचा वारा आत शिरायला नको. कोपरे बोल्टने आवळायचे, खिळ्याने नाही. खिळे मारले तर मी कुबड्या घेऊन येईन.

पोर्चच्या कठड्याला मी जरा जास्तच वेळ दिला. आमच्या लोकांत असल्या नक्षीला नावं ठेवतात म्हणून फक्त कडा गोल केल्यात, म्हाताऱ्या हाताला टोचू नयेत म्हणून. मी आजवर केलेल्या पोर्चांत तो सगळ्यात चांगला झालाय. गर्व नको म्हणून पुढे लिहीत नाही.

तिला तो आवडला का ते कळव.

ॲटली


बायू सालीन
२६ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ॲटली,

भिंती उभ्या राहिल्या. चारही. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला आणि मी खालून हातात डाव घेऊन नाचले. नाचणं पाप आहे, पण डाव हातात असेल तर तो स्वयंपाक धरतात.

आधी मंगळवारचं सांगते. ईस्टरआधीचे लेंटचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इथे सगळे सोंगं घेऊन फिरतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपली माणसं नेहमीसारखी काळ्या टोप्या घालून, दाढ्यांसकट कामावर निघाली. रस्त्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी हुबेहूब सोंगं त्यांनी पाहिली नव्हती. एका बाईने आपल्या मेल्विनची दाढी ओढून पाहिली आणि ती निघेना तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. लेस्टरच्या गळ्यात कुणीतरी जांभळ्या मण्यांची माळ घातली. ती त्याने अजून काढलेली नाही.

मी अझेलीकडून भेंडी घालून गंबो, म्हणजे इथलं दाट कालवण, करायला शिकते. पीठ तेलात खरपूस भाजायचं, हात थांबवायचा नाही. मी कोळंबीची डोकी टाकून दिली तेव्हा तिने कपाळाला हात लावला. सगळी चव त्या डोक्यांत असते म्हणे. मग मीही तिला नूडल लाटायला लावल्या आणि तिच्या जाड्या नूडल बघून कपाळाला हात लावला. फिटंफाट.

घराबद्दल तिला विचारलं. म्हणाली, "छान आहे. भक्कम आहे. देव तुमचं भलं करो." पोर्चच्या कठड्यावरून तिने हात फिरवला, बराच वेळ फिरवला. मग विचारलं, "हे दार इथेच राहणार?" मी म्हटलं, तर काय, वादळ आलं तरी हलणार नाही.

एक मात्र मला समजत नाही. रोज संध्याकाळी ती डब्याबाहेर खुर्ची टाकते आणि आमच्या कामाकडे पाठ करून बसते. एवढी माणसं तिचं घर बांधतायत आणि ही बघत नाही. मला वाटतं लाकडाचा भुसा तिच्या डोळ्यांत जात असेल.

सलोमा


माउंट होप
२ मार्च

प्रिय सलोमा,

भुसा वगैरे काही नाही. म्हातारी माणसं आनंद झाला की पाठ फिरवतात. माझी आई अशीच करायची. तुला आठवत असेल, आपलं लग्न ठरलं तेव्हा ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती.

मेपलच्या झाडांचा गोड रस ठिबकायला लागलाय. मला बसल्या जागी तो आटवायच्या कढईवर लक्ष ठेवायचं काम दिलंय, म्हणजे अगदीच निकामी नाही. जो येतो त्याला मी पोर्चबद्दल सांगत नाही, पण कुणी विचारलं तर काय करणार.

छप्पर कधी चढवताय? एकदा छप्पर बसलं की घर झालं.

ॲटली


बायू सालीन
३ मार्च, शुक्रवार

ॲटली,

हे पत्र उद्या परत येणाऱ्या व्हॅनबरोबर पाठवतेय, म्हणजे रविवारी तुझ्या हातात पडेल. बसून वाच. बसलेलाच असशील म्हणा.

काल ॲल्सीडने मला होडीतून नेलं. ॲल्सीड म्हणजे अझेलीचा शेजारी, कोळंबीवाला, बैलासारखा माणूस. खेकडे आणायचे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसले आणि कडेची फळी अशी धरली की तो म्हणाला, "फळी मोडून नेऊ नका, बाई, होडीला लागते." पण धक्क्यावरून बाहेर पडलो आणि मी भीती विसरले. ॲटली, काय सुंदर आहे ते. पांढरे बगळे, गवतातून जाणारं पाणी, आणि दोन्ही काठांवर घरं. प्रत्येक घराचा पोर्च पाण्याकडे. प्रत्येक. पोर्चवर खुर्च्या, खुर्च्यांत माणसं. आम्ही जवळून जाताना जो तो हात वर करायचा. ॲल्सीड ओरडून विचारायचा, "सांध्याचं दुखणं कसं आहे? पोरगी आली का?" आणि तिकडून उत्तर यायचं. एका बाईने तर लांब काठीला अडकवून आमच्यासाठी गरम पाव दिला. सगळं गाव पाण्यावरून येतं-जातं, पाण्यावरून बोलतं. रस्ता नुसता पोस्टमनसाठी आहे.

मग वळणावर आपलं घर दिसलं.

सगळ्या घरांची तोंडं आमच्याकडे होती आणि आपल्या घराची पाठ. एवढी मोठी कोरी भिंत आणि तिला न्हाणीघराची खिडकी. ॲल्सीडने हात वर केला नाही. करणार कुणाला? मी विचारलं, "तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं?" तो म्हणाला, "दिसणार नाही कसं?" "मग बोलला का नाहीत?" म्हणाला, "तुम्ही फुकट घर देताय. देणाऱ्याला कोण सांगणार की उलटं आहे?"

मी खेकडे तसेच टाकून अझेलीकडे गेले. आधी तिने टाळलं. मग म्हणाली, "पोरी, तुझ्या नवऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला की कळतं, हे मन लावून केलेलं आहे. मी बोलले तर तुमच्या पोरांचा हिरमोड होईल. घर पुरं होऊ दे. ईस्टरला रोलॉन आला की मी त्याच्याबरोबर ह्यूस्टनला जाईन. घर माझ्या भाचीला देईन, तिला रस्ता आवडतो. पाण्याकडे भिंत करून मी इथे राहिले काय आणि तिथे राहिले काय." आणि मला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. शपथ घेणं आपल्या धर्मात बसत नाही, म्हणून मी ती घेतली नाही, आणि लेस्टरला सांगितलं.

लेस्टरचा चेहरा पडला. तो म्हणाला, "भिंती अदलाबदल करता येतील की नाही हे फक्त ॲटली सांगू शकतो. मी माझ्या अकलेने बोल्ट काढले आणि चौकट लुळी पडली तर सगळंच जाईल. बुधवारी छप्पर चढवायचंय. छप्पर चढलं की विषय संपला."

तेव्हा सोमवारी तिथून नवी व्हॅन निघेल तिच्याबरोबर तुझं उत्तर यायला हवं. गल्लीच्या सामाईक फोनच्या खोपटात निरोप ठेवला असता, पण तिथे ठेवलेला निरोप तुझ्या आधी सगळ्या गल्लीला कळतो, आणि हे मला तुला एकट्याला सांगायचं होतं.

तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. मलाही वाटलं. पण ॲटली, ती आपल्याकडे पाठ करून बसत नव्हती. ती पाण्याकडे तोंड करून बसत होती.

सलोमा


माउंट होप
६ मार्च, सोमवार सकाळ

सलोमा,

पत्र वाचलं. माझं उत्तर नाही असं आहे.

घराचं तोंड रस्त्याकडे असतं. माझ्या बापाने तसं बांधलं, त्याच्या बापाने तसं बांधलं. नकाशा जानेवारीत पाठवला होता, तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. आता भिंती उभ्या राहिल्यावर सगळ्यांना वाचा फुटली. त्या कोपऱ्यांना मी तीन आठवडे दिलेत. जुळवलेली गोष्ट उकलली की ती पहिल्यासारखी बसत नाही, हे तुझ्या शिवणालाही लागू आहे.

तिला हवं तर मागच्या भिंतीला एक खिडकी काढून द्या.

ॲटली


माउंट होप
त्याच दिवशी दुपारी

सलोमा, आधी हे वाच.

सकाळचं पत्र मी ड्रायव्हरकडे दिलं आणि आता तो ते परत देत नाही. म्हणतो, टपाल म्हणजे टपाल. म्हणून हे दुसरं. पहिलं चुलीत घाल.

झालं असं. जेवण झाल्यावर ड्रुसिला केर काढायला आली. तिने माझी खुर्ची उचलून माझ्यासकट फिरवली आणि गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली. म्हणाली, जरा वेळ बसा. मी बसलो. गल्लीतून बग्गी गेल्याचा आवाज आला. घोडा कुणाचा ते मला आवाजावरून कळेना. कुणीतरी दारापर्यंत येऊन हाक मारून गेलं. मी उत्तर देईपर्यंत ते गेलंही. माझ्यासमोर नुसती भिंत. सलोमा, पाव तासात मला रडू फुटायची वेळ आली. मी मोठ्याने ओरडलो, खुर्ची फिरव. ड्रुसिला धावत आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी एवढा कधी ओरडत नाही.

पाय मोडल्यापासून त्या खिडकीनेच मला माणसांत ठेवलंय. आणि मी त्या बाईला आयुष्यभरासाठी भिंतीकडे बसवायला निघालो होतो, वर कडा गोल केल्या म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. मला लाज वाटली. तुला सांगतो, सगळ्यांना सांगू नकोस. किंवा सांग.

आता ऐक. भिंती बदलता येतात. पुढची आणि मागची एकाच मापाच्या आहेत. सोबत चित्र काढून दिलंय. आधी बाजूच्या दोन्ही भिंतींना आतून तिरके टेकू द्यायचे, मग निळ्या भिंतीचे बोल्ट वरून खाली काढायचे, खालून वर नाही. ती बाजूला झाली की लाल भिंत उभीच्या उभी सरकवत पाण्याकडे न्यायची. आडवी केली तर खिडक्यांच्या चौकटी पिळतील. नळ अजून टाकले नसतील तर न्हाणीघर रस्त्याच्या बाजूला घ्या. पोर्चसाठी पाण्याकडे नवे खांब लागतील. चिखलात खांब कसे रोवायचे ते मला माहीत नाही. त्या ॲल्सीडला विचारा, त्याला माहीत असेल.

अवघड आहे ते एकच, निळी भिंत तेवढ्या उंचीवर काढून ठेवायची कुठे? पाण्याच्या बाजूला पाय ठेवायला जमीन नाही. मला सुचत नाही. तुम्हीच बघा.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

ॲटली


बायू सालीन
९ मार्च, गुरुवार

माझ्या ॲटली,

अर्थातच मला सकाळचं पत्र आधी मिळालं. मी ते वाचलं, घडी घातली आणि एवढ्या जोरात पीठ मळलं की मेल्विन दारातूनच परत गेला. मग ड्रायव्हरने खिशातून दुसरं काढलं. ते वाचून मी त्या पिठातच रडले. त्या दिवशीचे पाव सगळ्यांना फार आवडले.

आता काल काय झालं ते ऐक. मी अजून धड श्वास घेतलेला नाही.

मंगळवारी लेस्टरने तुझं चित्र चर्चच्या टेबलावर पसरलं आणि तुझाच प्रश्न विचारला, निळी भिंत ठेवायची कुठे? आपली माणसं डोकी खाजवत बसली. ॲल्सीड कोपऱ्यात कॉफी पीत होता. तो म्हणाला, "पाण्यावर." सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्या होडीवर जाळं ओढायची यारी आहे. वीस वर्षं ती भरलेली जाळी उचलतेय. जाळ्यात मासे असले काय आणि भिंत असली काय, तिला कुठे कळतंय?"

बुधवारी उजाडताच त्याने होडी घराला लावली. आणि तो एकटा आला नव्हता. पुढून-मागून होड्याच होड्या, सगळी खाडी भरून. म्हाताऱ्या बायका भांडी घेऊन, पुरुष दोर घेऊन. घर उलटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे फक्त आम्ही विचारायची वाट बघत होते. खांब तर त्यांनी मंगळवारीच रोवून टाकले होते, वादळातून वाचलेल्या धक्क्याचे. नळीतून जोरात पाणी सोडून चिखल फोडायचा आणि खांब आपोआप खाली जातो. तुला बघायला हवं होतं.

टेकू दिले. बोल्ट वरून खाली काढले. लेस्टर तुझं चित्र हातात धरून पाद्र्यासारखा उभा होता. यारीचा दोर ताठ झाला, होडी एका अंगाला कलली आणि निळी भिंत घरापासून सुटली. ॲटली, तुझी भिंत हवेत लोंबकळत होती, खाली पाणी, आणि वाऱ्याची एक झुळूक आली तशी ती हळूच फिरली. ॲल्सीडने फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं. अर्थ मी विचारला नाही. मग ती अलगद होडीवर उतरली. सगळ्यांची तोंडं उघडी, आणि अझेली आपल्या खुर्चीत बसून म्हणते, "माझ्या नवऱ्याने ह्या खाडीतून पुष्कळ काय काय वर काढलं. भिंत नाही काढली कधी."

मग लाल भिंत. ती उभीच्या उभी सरकवायला आपली वीस माणसं आणि त्यांची वीस. वेळ जुळावी म्हणून मेल्विनने आपलं चर्चमधलं गाणं सुरू केलं. आपली गाणी कशी असतात तुला माहीत आहे, एक ओळ संपेपर्यंत चहा थंड होतो. ॲल्सीड होडीवरून ओरडला, "अरे बाबांनो, हे गाणं संपेपर्यंत भिंतीला वाळवी लागेल." मग त्याच्या लोकांनी जाळं ओढायचं त्यांचं गाणं धरलं आणि भिंत अशी पळत सुटली की आपल्या माणसांच्या टोप्या पडल्या. पाण्याच्या कडेला येऊन ती थांबली, वरून यारीने धरली आणि बोल्टांची भोकं समोरासमोर आली. मेल्विनने पहिला बोल्ट घातला. हाताने गेला, ॲटली. हातोडा लागला नाही.

निळी भिंत अजून होडीवरच होती. ती धक्क्यावर उतरवली आणि मग आपली पाळी आली. आपण कोंबड्यांचं घर नाही का उचलून नेत, सगळे गोळा होऊन, खांद्यावर? तसं नेलं. ते लोक बघतच राहिले, मग तेही खाली शिरले. मीही शिरले. बायकांनी शिरायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नाही. अंगणातून आमच्या ऐंशी पायांची भिंत चालत रस्त्याकडे गेली, आणि दोर लावून वर चढवली.

लेस्टरला वेळेची काळजी होती. पण ॲल्सीड म्हणाला, कोळंबीचा हंगाम मे महिन्यात, तोवर आम्ही रोज येतो. आज सकाळी आले आहेत. छप्पर चढतंय. मी खालून हे लिहितेय आणि कागदावर भुसा पडतोय.

तुझी,
सलोमा


माउंट होप
१५ मार्च

प्रिय सलोमा,

तुझं पत्र वाचता वाचता मी मेपलचा पाक करपवला. सगळा. शेजारी विचारत आले, वास कसला येतोय? मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. मग ते दुसऱ्या शेजाऱ्यांना घेऊन आले. आता मला ते तोंडपाठ झालंय. बोल्ट हाताने गेला हे तू उगाच मला बरं वाटावं म्हणून तर लिहिलं नाहीस ना?

पण एक सांग. घराचं तोंड फिरलं, तिचं मन फिरलं का? ईस्टरला तो मुलगा ट्रक घेऊन येणार. तिने त्याला काही कळवलंय का? आपण इतकं केलं म्हणून ती राहील असं धरून चालू नकोस. मुलगा मुलगा असतो.

मला कळेपर्यंत चैन पडणार नाही.

ॲटली


बायू सालीन
९ एप्रिल, ईस्टर

माझ्या ॲटली,

बोल्ट हाताने गेला. मेल्विनला विचार.

अझेलीने मुलाला काहीच कळवलं नाही. मी रोज विचारायचे, ती म्हणायची, "डोळे आहेत त्याला." घराला अजून रंग नाही, आतल्या खोल्यांना दारं नाहीत. पण शेगडी पेटते, नळाला पाणी येतं, तुझा पोर्च कठड्यासकट पाण्याकडे बसलाय आणि त्याचे नवे जिने थेट धक्क्यावर उतरतात. गुड फ्रायडेला आपण उपास धरला आणि त्यांनीही धरला. इथे त्या दिवशी जमिनीत कुदळ घालत नाहीत, जमिनीला रक्त येतं म्हणतात. सगळे दिवसभर शांत बसून होते. अझेली मात्र मला शांत दिसली नाही. तिने एकाच फडक्याची घडी कितीदा तरी घातली आणि मोडली.

काल सकाळी रोलॉन आला. एवढा मोठा ट्रक घेऊन. उंच, दमलेला माणूस, रात्रभर गाडी चालवून आलेला. रस्त्याकडच्या दारावर थाप मारत राहिला, "आई, उघड." शेजारच्या बायका आत. अझेली पाण्याकडच्या पोर्चवर खुर्चीत, मी तिच्याशेजारी. मी उघडायला उठले तर तिने माझा हात धरून बसवलं. तिने तिथूनच आवाज दिला, "कोण आहे? मला दिसत नाही."

थाप थांबली. तो घराला वळसा घालून खाली आला. धक्क्यावर उभा राहून त्याने वर पाहिलं. कठडा पाहिला, खिडक्या पाहिल्या, आईला पाहिलं. मला वाटलं आता जिना चढेल. पण तो वळला आणि चालत ॲल्सीडकडे गेला. अझेलीचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, गेला. रागावून गेला.

थोड्या वेळाने वळणावरून एक होडी आली. ॲल्सीडची छोटी होडी, आणि वल्ही मारत होता रोलॉन. त्याच्या बापासारखी मारतो, असं बायका म्हणाल्या. सरळ घरासमोर आला. आणि पाण्यातून त्याने हात वर केला.

अझेली उठून उभी राहिली. तिनेही हात वर केला. ॲटली, मी फार रडले, पण सगळ्याच रडत होत्या, त्यामुळे खपून गेलं.

तो वर येऊन तिच्या पायाशी बसला आणि कॉफी प्यायला. कप खाली ठेवून म्हणाला, "आई, पुढचं वादळ आलं तर?"

ती म्हणाली, "तर तू ये. कुठल्या बाजूने यायचं ते आता कळलंय ना?"

तो हसला. मग म्हणाला, "आणि त्या ट्रकचं काय करू? सोमवारपर्यंतचं भाडं भरलंय."

"करायचंय काय? डब्यातलं सामान चढव आणि घराशी आण. माझं कपाट जड आहे."

तेव्हा काल दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून अझेलीचं कपाट, पलंग, मेरीची तसबीर आणि भांडी ट्रकमध्ये भरली. रोलॉनने गाडी सुरू केली. ट्रक अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

तुझी,
सलोमा